सरणी फलने, पृच्छा भाषेतील

एकाच प्रकारच्या मूल्यांची क्रमाने मांडलेली व जिच्यातील प्रत्येक मूल्य त्याच्या स्थानावरून निर्देशित करता येते अशी मालिका म्हणजे सरणी होय. संगणकाच्या व्यवहारात तिला बहुधा ॲरे असेच म्हटले जाते. माहितीसंचयाकडून म्हणजे डेटाबेसकडून हवी ती माहिती मागविण्यासाठी जी कृत्रिम भाषा वापरतात, तिला पृच्छा भाषा ही संज्ञा आहे. एसक्यूएल ही अशा भाषांपैकी सर्वांत प्रचलित भाषा होय. कोष्टकाच्या एका घरात एकच मूल्य न ठेवता सबंध सरणी ठेवण्याची सोय ज्या पृच्छा भाषांत आहे त्यांत सरणीची लांबी काढणे, तिच्यातील विशिष्ट घटक मिळविणे, एखादे मूल्य तीत आहे किंवा नाही हे पाहणे, दोन सरण्या जोडणे, सरणी उलगडून तिच्या ओळी बनविणे इ. कामांसाठी तयार क्रिया पुरविलेल्या असतात. त्यांना सरणी फलने म्हणतात.

फलनाचे नाव व त्याची एकदोन उदाहरणे पाहून वापरणारा त्याच्या वर्तनाविषयी जो अंदाज बांधतो, तो न पाहिलेल्या उदाहरणांतही खरा ठरत असेल, तर ते फलन सहजगम्य आहे असे मानतात. पृच्छा भाषेत या गुणाचे महत्त्व विशेष आहे. पृच्छा लाखो ओळींवर एकदम चालते व चुकीच्या अंदाजाने लिहिली गेली असल्यास पुष्कळदा कोणतीही दोषसूचना न देता काही ओळी वगळलेले, परंतु वरकरणी निर्दोष दिसणारे उत्तर देते. वगळल्या गेलेल्या ओळी उत्तरात दिसत नसल्यामुळे केवळ उत्तर पाहून चूक ध्यानात येत नाही. म्हणून सरणी फलनांची आखणी करताना नेहमीच्या उदाहरणांपेक्षा टोकाच्या उदाहरणांचा, म्हणजे रिक्त सरणी, अज्ञात मूल्य, मर्यादेबाहेरील स्थान व पुनरावृत्त घटक यांचा विचार अधिक करावा लागतो.

पार्श्वभूमी : ई. एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात कोष्टक हे ओळींचा संच मानलेले आहे. संचात क्रम नसतो व पुनरावृत्तीही नसते. शिवाय प्रत्येक घरात अविभाज्य असे एकच मूल्य असावे, ही त्या प्रतिमानातील प्रथम प्रसामान्य रूपाची अट आहे. एखाद्या व्यक्तीस अनेक दूरध्वनी क्रमांक असल्यास ते एका घरात न कोंबता स्वतंत्र कोष्टकात एकेका ओळीत लिहावेत, असा तिचा व्यावहारिक अर्थ होतो. डी. डी. चेंबर्लिन व आर. एफ. बॉइस यांनी आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास या प्रतिमानावर आधारलेली जी भाषा तयार केली तिच्यापासून आजची एसक्यूएल विकसित झाली. तिला १९८६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. या आरंभीच्या प्रमाणांत सरणीला स्थान नव्हते.

सरणीची परंपरा यापासून वेगळी आहे. फोर्ट्रान (१९५७) या भाषेत गणिती आकडेमोडीसाठी सरणीचा उपयोग आरंभापासून होता, तर के. ई. आयव्हर्सन (१९२०–२००४) यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एपीएल या संकेतनपद्धतीत सबंध सरणीवर एकाच चिन्हाने क्रिया करण्याची कल्पना पूर्णत्वास नेली. या परंपरेत क्रम हाच सरणीचा प्राण असतो आणि एकच मूल्य दोनदा आले, तर ती दोन वेगळी स्थाने समजली जातात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पाने माहितीसंचयात नवनवे मूल्यप्रकार आणण्याचा मार्ग खुला केला. त्यातूनच पुढे पोस्टग्रेसक्यूएल ही प्रणाली निर्माण झाली व तीत कोणत्याही मूळ प्रकाराची सरणी स्तंभात ठेवता येऊ लागली. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात कमाल लांबी सांगून घोषित करावयाची सरणी समाविष्ट झाली. २००३ च्या प्रमाणात कमाल लांबीचे बंधन ऐच्छिक करण्यात आले व क्रम नसलेला, परंतु पुनरावृत्ती चालणारा बहुसंच हा प्रकारही जोडण्यात आला. पुढे हाईव्ह, प्रेस्टो, बिगक्वेरी, स्पार्क, क्लिकहाऊस इ. मोठ्या प्रमाणावरील विश्लेषणासाठी बनविलेल्या प्रणालींनी सरणीला प्रारंभापासूनच महत्त्वाचे स्थान दिले. कारण त्यांच्याकडे येणाऱ्या नोंदी एकात एक गुंफलेल्या स्वरूपाच्या असतात.

अशा रीतीने पृच्छा भाषेतील सरणी ही क्रम न मानणाऱ्या व क्रमावरच उभ्या असणाऱ्या दोन परंपरांच्या सांध्यावर येते. सरणी फलनांत आढळणाऱ्या पुष्कळशा विसंगती या सांध्यावर उद्भवतात व प्रत्येक फलन कोणत्या परंपरेचे आहे हे वापरणाऱ्यास कळेल अशी व्यवस्था करणे हेच आखणीचे मुख्य काम ठरते.

स्थानांकाचा प्रारंभ : पहिल्या घटकाचा स्थानांक शून्य धरावा की एक, हा जुना वाद आहे. ई. डब्ल्यू. डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९८२ मधील एका टिपणात शून्याचा पुरस्कार केला. अंतराळाची खालची सीमा समाविष्ट व वरची सीमा वर्ज्य धरली असता दोन सीमांतील वजाबाकी हीच लांबी मिळते व शून्यापासून मोजणी केल्यास सीमांचे आकडे सुटसुटीत राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. याउलट एसक्यूएलमध्ये अक्षरमालिकेतील स्थाने प्रथमपासून एकपासूनच मोजली जातात. त्यामुळे सरणीचे पहिले स्थानही एक असणे हे त्या भाषेपुरते सुसंगत आहे. प्रमाणात व पोस्टग्रेसक्यूएल, ट्रिनो, क्लिकहाऊस व डकडीबी या प्रणालींत मोजणी एकपासून होते. हाईव्ह व स्नोफ्लेक यांत ती शून्यापासून होते.

यांपैकी कोणताही निर्णय स्वतःत चुकीचा नाही. गोंधळ होतो तो एकाच भाषेत दोन्ही पद्धती नांदत असतील तेव्हा. स्पार्कमध्ये चौकटी कंसात लिहिलेला स्थानांक शून्यापासून मोजला जातो, परंतु ‘एलिमेंट_ॲट’ हे फलन एकपासून मोजते. त्यामुळे [५, ७, ९] या सरणीत एकाच आकड्याने म्हणजे १ ने एका रीतीत ७ व दुसऱ्या रीतीत ५ मिळतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये निराळी अडचण आहे. तेथे सरणीची खालची सीमा सामान्यतः एक असली, तरी ती अन्य कोणतीही पूर्णांक संख्या असू शकते. परिणामी स्थानांक १ चा घटक हा पहिलाच घटक असेल अशी खात्री देता येत नाही व काटेकोर पृच्छेत खालची सीमा विचारून घ्यावी लागते. बिगक्वेरीने या प्रश्नावर नावांचा तोडगा काढला. शून्यापासूनच्या मोजणीस ‘ऑफसेट’ व एकपासूनच्या मोजणीस ‘ऑर्डिनल’ असे शब्द स्थानांकाबरोबर लिहिता येतात. लेखन थोडे लांबते, पण वाचणाऱ्यास अंदाज बांधण्याची गरज राहत नाही.

सरणीचा तुकडा काढण्याच्या बाबतीतही असाच भेद आढळतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दिलेली शेवटची सीमा तुकड्यात समाविष्ट असते, स्नोफ्लेकमध्ये ती वर्ज्य असते आणि ट्रिनोमध्ये शेवटच्या सीमेऐवजी तुकड्याची लांबीच द्यावी लागते. तिन्ही ठिकाणी केवळ दोन पूर्णांकच लिहावयाचे असल्याने एका प्रणालीतील आकडे तसेच ठेवून पृच्छा दुसरीच्या लेखनपद्धतीत लिहिल्यास ती विनातक्रार चालते व वेगळा तुकडा देऊ शकते.

रिक्त सरणी व अज्ञात मूल्य : एसक्यूएलमध्ये मूल्य ठाऊक नसल्याचे दर्शविण्यासाठी ‘नल’ ही खूण वापरतात. तिच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर सत्य किंवा असत्य न येता ‘अज्ञात’ असे येते. यास त्रिमूल्य तर्क म्हणतात. पृच्छेतील अटीचे उत्तर सत्य असेल तीच ओळ निवडली जाते. असत्य व अज्ञात अशा दोन्ही ओळी गळतात. एकही घटक नसलेली रिक्त सरणी व मुळात अज्ञात असलेली सरणी यांतील फरक म्हणूनच फार महत्त्वाचा आहे. पहिलीची लांबी शून्य आहे हे निश्चित ज्ञान आहे. दुसरीची लांबी किती हे माहीत नाही.

पुढील कल्पित उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होईल. एका कोष्टकात प्रत्येक बालकास दिलेल्या लसीच्या मात्रांच्या तारखा सरणीच्या रूपात ठेवल्या आहेत. पहिल्या बालकाच्या सरणीत ३ तारखा, दुसऱ्याच्या सरणीत १ तारीख, तिसऱ्याची सरणी रिक्त आणि चौथ्याची नोंदच आलेली नसल्याने तेथे नल आहे. तीनपेक्षा कमी मात्रा मिळालेल्या बालकांची यादी हवी आहे. पोस्टग्रेसक्यूएलमधील ‘ॲरे_लेंग्थ’ हे फलन रिक्त सरणीस शून्य न देता नल देते. त्याच्या साहाय्याने लिहिलेल्या पृच्छेत तिसऱ्या बालकाच्या बाबतीत नल व ३ यांची तुलना होऊन उत्तर अज्ञात येते आणि ते बालक गळते. यादीत फक्त दुसरे बालक उरते. ज्याला एकही मात्रा मिळालेली नाही व ज्याच्यासाठी ही यादी प्रामुख्याने करावयाची, तेच बालक तीत नसते. त्याच प्रणालीतील ‘कार्डिनॅलिटी’ हे फलन रिक्त सरणीस शून्य व नलला नल देते. त्याने लिहिलेल्या पृच्छेत दुसरे व तिसरे अशी दोन्ही बालके येतात आणि चौथे बालक अज्ञात म्हणून योग्य रीतीने बाजूस राहते.

‘ॲरे_लेंग्थ’च्या या वर्तनामागे कारण आहे. हे फलन सरणीची कोणती मिती मोजावयाची हे दुसऱ्या प्राचलाने विचारते व या प्रणालीच्या दृष्टीने रिक्त सरणीस एकही मिती नसते. नसलेल्या मितीची लांबी अर्थातच अज्ञात. आतील रचना जाणणाऱ्यास हे तर्कशुद्ध वाटते. तथापि नावावरून अंदाज बांधणाऱ्यास रिक्त वस्तूची लांबी शून्य वाटते व सहजगम्यतेच्या दृष्टीने त्याचाच अंदाज प्रमाण मानला पाहिजे. हाईव्हमधील ‘साइझ’ हे फलन दुसऱ्या टोकास जाते. ते नल सरणीसाठी −१ असे उत्तर देते. त्यामुळे वरील यादीत चौथे बालकही उणे एक मात्रा घेतलेले म्हणून दाखल होते. अज्ञाताला संख्येचे सोंग दिले की ती संख्या पुढील बेरजांत व सरासरीतही शिरते.

असाच विसंवाद सरणी तयार करतानाही दिसतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अनेक ओळींतील मूल्ये गोळा करणारे ‘ॲरे_ॲग’ हे फलन एकही ओळ नसल्यास नल देते, परंतु उपपृच्छेपासून सरणी बनविणारी रचना त्याच परिस्थितीत रिक्त सरणी देते. एकाच कामाच्या दोन रीतींनी निराळी उत्तरे द्यावीत, हे आखणीतील उणेपणाचे लक्षण होय.

मर्यादेबाहेरील स्थान : तीन घटकांच्या सरणीत पाचवा घटक मागितला असता काय व्हावे, याची तीन उत्तरे प्रचारात आहेत. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार दोषसूचना मिळते व ट्रिनोमधील चौकटी कंसही तसेच वागतात. पोस्टग्रेसक्यूएल व हाईव्ह नल देतात. क्लिकहाऊस त्या प्रकाराचे ठराविक मूल्य देते. संख्यांसाठी शून्य व अक्षरमालिकेसाठी रिक्त मालिका. तिसरी रीत गणनेस वेगवान असली, तरी सरणीत खरोखर असलेला शून्य व नसलेल्या स्थानाचा शून्य यांत भेद उरत नाही. पहिल्या दोहोंपैकी कोणती योग्य हे कामावर अवलंबून असते. लक्षावधी ओळींपैकी एकीच्या उणिवेमुळे सबंध पृच्छा थांबणे कधी गैरसोयीचे, तर कधी आवश्यक असते. म्हणून दोन्ही वर्तने दोन वेगळ्या नावांनी पुरविणे श्रेयस्कर समजले जाते. ट्रिनोमध्ये चौकटी कंस दोषसूचना देतात, तर ‘एलिमेंट_ॲट’ नल देते. बिगक्वेरीत ‘ऑफसेट’ दोषसूचना देते, तर ‘सेफ_ऑफसेट’ नल देते. दुसऱ्या उदाहरणात ‘सेफ’ हे उपपद इतर फलनांच्या बाबतीतही त्याच अर्थाने येत असल्याने एकदा शिकलेला नियम सर्वत्र लागू पडतो.

शोधलेले मूल्य न सापडल्यास त्याचे स्थान काय सांगावे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. ‘ॲरे_पोझिशन’ हे एकाच नावाचे फलन पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नल, तर ट्रिनो व स्पार्कमध्ये शून्य देते. मोंगोडीबीमधील तत्सम क्रिया −१ देते, कारण तेथे शून्य हे खरेखुरे स्थान आहे.

सरणी उलगडणे : सरणीच्या प्रत्येक घटकाची एक ओळ बनविणाऱ्या क्रियेस प्रमाणात ‘अननेस्ट’ असे नाव आहे. संबंधात्मक व क्रमवार या दोन परंपरांना जोडणारा हा पूल होय. कारण एकदा ओळी झाल्या की बेरीज, सरासरी, गटवारी, क्रमवारी इ. भाषेतील सर्व क्रिया त्यांना लागू होतात व प्रत्येकीसाठी वेगळे सरणी फलन लागत नाही. मात्र या पुलावरून जाताना दोन गोष्टी हरवू शकतात.

पहिली गोष्ट क्रम. ओळींना क्रम नसल्याने उलगडलेल्या घटकांचा मूळ क्रम टिकेलच असे नाही. स्थानांक हवा असल्यास तो स्वतंत्र स्तंभ म्हणून मागून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रमाणात ‘विथ ऑर्डिनॅलिटी’ व बिगक्वेरीत ‘विथ ऑफसेट’ ही जोड आहे. पुन्हा सरणी बांधतानाही त्या स्तंभानुसार क्रम लावण्यास सांगावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे रिक्त सरणीची ओळ. मूळ ओळ व तिच्या सरणीपासून झालेल्या ओळी यांची सांगड घालताना रिक्त सरणीपासून एकही ओळ होत नसल्याने मूळ ओळच नाहीशी होते. वरील उदाहरणात तारखा उलगडून प्रत्येक बालकाच्या मात्रा मोजल्या, तर तिसरे व चौथे बालक यादीत येत नाहीत. त्यांना राखण्यासाठी डावी बाह्य सांगड वापरतात. तेव्हा त्यांची एकेक ओळ तारखेच्या जागी नल घेऊन येते. अशा वेळी ओळी मोजल्यास त्यांच्या नावावर एकेक मात्रा पडते. तारखा मोजल्या तरच शून्य येते. यानंतरही रिक्त व अज्ञात यांतील भेद पुसला जातोच. क्लिकहाऊसमध्ये सरणी उलगडण्याच्या साध्या व डाव्या अशा दोन रीती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, त्यामुळे ओळी गळण्याची शक्यता निदान वाचकाच्या नजरेस पडते.

समता व अंतर्भाव : दोन सरण्या समान केव्हा म्हणाव्यात याचे उत्तर क्रमवार परंपरेनुसार देतात : लांबी सारखी व प्रत्येक स्थानी समान घटक असले पाहिजेत. एक सरणी दुसरीत समाविष्ट आहे का, हे मात्र पोस्टग्रेसक्यूएलमध्ये संचाच्या अर्थाने पाहिले जाते. क्रम व पुनरावृत्ती विचारात घेतली जात नाही. परिणामी [१] व [१, १] या सरण्या एकमेकींत समाविष्ट आहेत, पण समान नाहीत. संच सिद्धांतात परस्परांत समाविष्ट असलेले दोन संच समान असतात, हे शिकलेल्या वाचकास हा निष्कर्ष चमत्कारिक वाटतो. दोन्ही क्रिया आपापल्या परंपरेत बरोबर आहेत. त्या एकाच वस्तूवर चालतात व त्यांच्या चिन्हांवरून परंपरा कळत नाही, ही अडचण आहे.

कोणताही व सर्व : सरणीतील एखादा तरी घटक अट पुरी करतो का, की सर्व करतात, हे विचारण्यासाठी एसक्यूएलमध्ये ‘एनी’ व ‘ऑल’ हे शब्द आहेत. ‘मूल्य कोणत्याही घटकाबरोबर समान आहे’ याचा निषेध ‘मूल्य कोणत्याही घटकाबरोबर असमान आहे’ असा करण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु दुसरे विधान दोन भिन्न घटकांच्या सरणीबाबत नेहमीच सत्य असते, कारण मूल्य निदान एकाशी तरी असमान असणारच. योग्य निषेध ‘मूल्य सर्व घटकांशी असमान आहे’ असा होय. रिक्त सरणीसाठी ‘एनी’चे उत्तर असत्य व ‘ऑल’चे सत्य येते, हे तर्कशास्त्रास धरूनच आहे.

मोंगोडीबी या दस्तऐवजी माहितीसंचयाच्या पृच्छा भाषेत ‘एखादा तरी घटक’ हा अर्थ अध्याहृत असतो. त्यामुळे साध्या अटी थोडक्यात लिहिता येतात. पण ‘१० पेक्षा मोठा व २० पेक्षा लहान’ अशी जोडअट दिली असता [५, ३०] ही सरणीही निवडली जाते. कारण ३० हा घटक पहिला भाग व ५ हा घटक दुसरा भाग पुरा करतो. एकाच घटकाने दोन्ही भाग पुरे करावेत असे हवे असल्यास ‘एलेममॅच’ हा वेगळा शब्द वापरावा लागतो. साध्या उदाहरणातील सोय जोडअटीत दिशाभूल करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

नल घटकाच्या शोधातही असाच भेद पडतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये समतेच्या चिन्हासह ‘एनी’ वापरून नल सापडत नाही, कारण नलशी केलेली तुलना अज्ञात ठरते. ‘ॲरे_पोझिशन’ व ‘ॲरे_रिमूव्ह’ ही फलने मात्र नलला इतर मूल्यांप्रमाणे ओळखतात.

नावे व प्राचलांचा क्रम : फलनास पुरवावयाच्या मूल्यांचा, म्हणजे प्राचलांचा क्रम सर्व सरणी फलनांत एकच असावा, असा संकेत इष्ट असतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘ॲरे_ॲपेंड’ला आधी सरणी व मग घटक, तर ‘ॲरे_प्रिपेंड’ला आधी घटक व मग सरणी द्यावी लागते. घटक ज्या बाजूस जोडावयाचा त्या बाजूस लिहावा, असा त्यामागील विचार दिसतो. चित्र म्हणून तो सुबोध आहे, नियम म्हणून अपवादात्मक. मूल्य सरणीत आहे का हे विचारताना ट्रिनो व स्पार्क सरणी आधी घेतात, तर स्नोफ्लेक मूल्य आधी घेते. प्रकारांची कसून तपासणी करणाऱ्या भाषेत उलटा क्रम तात्काळ उघडकीस येतो. म्हणून ही विसंगती रिक्त सरणीसंबंधीच्या विसंगतीइतकी घातक नाही. तिच्यामुळे वेळ जातो, उत्तर बिघडत नाही.

एकच चिन्ह दोन कामांसाठी वापरणे अधिक धोक्याचे असते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दोन उभ्या रेषांचे जोडचिन्ह सरणीस सरणी व सरणीस घटक असे दोन्ही जोडते. [१, २] या सरणीस या चिन्हाने नुसता नल जोडला असता तो अज्ञात सरणी समजला जाऊन उत्तर [१, २] असेच राहते. ‘ॲरे_ॲपेंड’ने जोडला असता [१, २, नल] मिळते. पहिल्या रीतीत एक घटक मुकाट्याने हरवतो.

फलनांचा संग्रह किती मोठा असावा, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार उलगडणे व पुन्हा बांधणे या दोन क्रिया पुरेशा असून इतर गोष्टी भाषेतील नेहमीच्या क्रियांनी साधाव्यात. दुसऱ्या मतानुसार घटकावर करावयाची क्रियाच फलनास प्राचल म्हणून देता यावी. स्पार्कने २०१८ मध्ये २.४ या आवृत्तीत ‘ट्रान्सफॉर्म’, ‘फिल्टर’, ‘एक्झिस्ट्स’, ‘ॲग्रिगेट’ ही अशी फलने आणली. ट्रिनो, क्लिकहाऊस व डकडीबी यांतही ती आहेत. त्यांत मूळ ओळ जागीच राहत असल्यामुळे ती गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

बहुमितीय सरण्या : पोस्टग्रेसक्यूएलमधील द्विमितीय सरणी ही सरण्यांची सरणी नसून आयताकृती मांडणी असते, तिच्या सर्व ओळींची लांबी सारखीच लागते. अशा सरणीस एकच स्थानांक दिल्यास पहिली ओळ न मिळता नल मिळतो व ‘अननेस्ट’ एक मिती न सोडविता थेट सर्व घटक सुटे करते. बिगक्वेरीत सरणीच्या आत थेट सरणी ठेवताच येत नाही; मध्ये संरचना हा दुसरा प्रकार घालावा लागतो. वैज्ञानिक मापने, उपग्रहचित्रे इत्यादींसाठी लागणाऱ्या बहुमितीय सरण्यांचे नियम एसक्यूएलच्या प्रमाणाच्या १५ व्या भागात स्वतंत्रपणे दिले असून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्यक्षमता : अर्थ एकच असलेल्या दोन लेखनपद्धतींचा वेगही सारखा असावा, अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये सरणीच्या स्तंभावर ‘जिन’ या प्रकारची शोधसूची बांधता येते. अंतर्भावाचे चिन्ह वापरून मूल्य शोधल्यास तिचा उपयोग होतो. तोच शोध ‘एनी’ने लिहिल्यास होत नाही व सर्व ओळी तपासाव्या लागतात. शोधसूची चिन्हांशी निगडित असते हे त्याचे कारण आहे. परंतु वाचण्यास सोपी असलेली रीत मंद व अवघड असलेली रीत जलद, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होते.

आखणीची तत्त्वे : वरील विवेचनावरून पुढील तत्त्वे निष्पन्न होतात. रिक्त सरणीची लांबी शून्य व अज्ञात सरणीची लांबी अज्ञात असावी आणि हा भेद प्रत्येक फलनाने पाळावा. स्थानांकाचा प्रारंभ सबंध भाषेत एकच असावा. मर्यादेबाहेरील स्थानासंबंधीचे वर्तन नावावरून कळावे. क्रमवार व संचरूप क्रियांची नावे वेगळी असावीत. प्राचलांचा क्रम एकविध असावा. ज्या क्रियेने ओळी गळू शकतात तिच्या लेखनातच ती शक्यता दिसावी. दोषसूचना देणे आणि चुकीचे उत्तर देणे यांत निवड करावयाची झाल्यास दोषसूचना द्यावी.

या तत्त्वांचे पालन आरंभीच करावे लागते, कारण एकदा प्रचारात आलेले फलन बदलणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्या वर्तनावर, अगदी विसंगत वर्तनावरही, असंख्य पृच्छा अवलंबून असतात. पोस्टग्रेसक्यूएलच्या ८.४ या आवृत्तीत २००९ मध्ये आलेले ‘ॲरे_लेंग्थ’ पुढे तसेच राहिले. त्याचे वर्तन सुधारण्याऐवजी २०१४ मध्ये ९.४ या आवृत्तीत ‘कार्डिनॅलिटी’ हे नवे फलन देण्यात आले. उलट एखादे फलन उशिरा आल्याने फारशी हानी होत नाही. सरणीची क्रमवारी लावणारे व सरणी उलटविणारे अशी दोन फलने याच प्रणालीत २०२५ मध्ये १८ व्या आवृत्तीत दाखल झाली व तोवर ती कामे उलगडून पुन्हा बांधण्याच्या रीतीने होत असत. जुने व नवे फलन शेजारी राहत असल्याने नवशिक्यास बहुधा ओळखीच्या नावाचेच फलन प्रथम सापडते. म्हणून सरणीचा स्तंभ असलेली कोणतीही पृच्छा वापरात आणण्यापूर्वी ती एक रिक्त सरणी व एक नल असलेल्या ओळींवर चालवून पाहणे आणि मूळ व उत्तरातील ओळींची संख्या ताडून पाहणे, ही खबरदारी अनुभवी व्यक्तींसही घ्यावी लागते.